पिरोटनला जायचंय तर रविवार नको, तिथी बघा

दर वर्षी दिवाळी झाली की आमच्या फॅमिली ग्रुपवर कोणीतरी निळ्याशार पाण्याचा फोटो टाकतं आणि खाली लिहितं, चला ना, या वेळी बेटावर टेंट टाकून राहू या. मग भाऊजी विचारतात किती खर्च, ताई विचारते बाथरूमची सोय आहे का, आणि कोणीतरी जानेवारीतला एक लाँग वीकेंड ठरवून मोकळं होतं. दोन वर्षांपूर्वी असंच ठरवून आम्ही नऊ जण बडोद्याहून रात्रीच्या गाडीने जामनगरला गेलो. पिरोटन म्हणजे जामनगरजवळ कच्छच्या आखातातलं संरक्षित बेट, त्याची परवानगी मिळाली नव्हती, म्हणून किनाऱ्यालगतच्या नराराला गेलो, तिथे बोट लागत नाही, ओहोटीला चालतच प्रवाळांपर्यंत जाता येतं. दुपारी एकला पोचलो. आणि काय दिसलं? गुडघाभर गढूळ पाणी, दोन खेकडे आणि भाऊजींची वाहून गेलेली एक चप्पल. गाइड बिचारा चांगला होता, त्याने एकच वाक्य सांगितलं, "साहेब, आज आठम छे, पाणी ओछुं उतरशे," म्हणजे आज अष्टमी, पाणी कमी उतरेल. आम्ही सुट्टी बघून आलो होतो, पंचांग कोणी बघितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी हा विषय जरा खोदून काढला आणि मला कळलं की संरक्षित बेटावर जाणं, राहणं, तिथले नियम, परवानगी, टेंट कुठे टाकायचा, पाणी किती न्यायचं, हे सगळं वेगवेगळं वाटतं पण निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीला लटकलेलं आहे, ती म्हणजे भरती-ओहोटी. ती एकदा नीट कळली की बाकीचं आपोआप कळतं. म्हणून आधी तेच.

बडोद्याच्या माणसाला भरती समजावायला जामनगरपर्यंत पण जायला नको, कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेव मंदिर बहुतेकांनी बघितलंय, जंबुसरच्या पुढे, खंबातच्या आखातावर. दिवसातून दोनदा समुद्र येतो आणि पिंड पाण्याखाली जाते, मग पाणी उतरलं की परत दर्शन. आपण प्रसाद खात बसतो आणि समोर अर्धा-पाऊण तासात पायऱ्या गायब होतात. तिथे कोणी विचारत नाही की मंदिर किती वाजता उघडतं, सगळे विचारतात पाणी किती वाजता उतरणार. पिरोटनचं पण तेच आहे, फक्त मंदिराच्या जागी अख्खं बेट.

आता हे पाणी वर-खाली का होतं. चंद्र पृथ्वीला ओढतो हे शाळेत झालंय, पण दिवसातून दोनदा भरती का, हे शाळेत माझ्या तरी डोक्यावरून गेलं होतं. असं बघा, तीन जण एका दोरीला धरून धावतायत, पुढच्याला जास्त ओढ आहे, मधल्याला मध्यम, मागच्याला सगळ्यात कमी. थोड्या वेळाने काय होईल, पुढचा मधल्यापासून पुढे सुटेल आणि मागचा मधल्यापासून मागे पडेल. चंद्राकडच्या बाजूचं पाणी म्हणजे पुढचा, पृथ्वी स्वतः म्हणजे मधला, आणि पलीकडच्या बाजूचं पाणी म्हणजे मागचा. म्हणून फुगवटा दोन्ही बाजूंना येतो आणि पृथ्वी गोल फिरताना आपला किनारा दिवसातून दोनदा फुगवट्याखालून जातो. चंद्र स्वतः पण रोज थोडा पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला पृथ्वीला साधारण ५० मिनिटं जास्त फिरावं लागतं, म्हणून आज बाराला भरती असेल तर उद्या एकच्या थोडं आधी. रोजची दूधवाल्याची वेळ पाळणारं पाणी नाही हे, रोज पाऊण तास उशिरा येणारं आहे.

सूर्य पण पाणी असंच फुगवतो, चंद्राच्या निम्म्याहून थोडं कमी. अमावस्या आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्र-पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. याला आपण उधाण म्हणतो. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात असतात, एकमेकांची ओढ खातात, पाणी बेताचं चढतं आणि बेताचंच उतरतं, ती भांगाची भरती. आमची आत्या रत्नागिरीकडची, लग्न होऊन बडोद्याला आली त्याला चाळीस वर्षं झाली, तिला हे मी उत्साहाने समजावायला गेलो तर म्हणाली, "अरे हे तर आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं, तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ निघते." म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता. कोकणात हा हिशोब बऱ्यापैकी बसतो. पण कच्छच्या आखातात तो जसाच्या तसा वापरू नका, कारण भरती आखाताच्या तोंडाशी असलेल्या ओख्याकडून आत शिरते आणि आत आत पोचायला तिला वेळ लागतो, ओख्याला आली म्हणजे जामनगरला आली असं नाही. मोबाईलवर भरतीच्या वेळा बघताना बंदराचं नाव नीट बघायचं, मुंबईचा तक्ता घेऊन जामनगरला जायचं नाही.

आणि आखातात पाणी नुसतं उशिरा येत नाही, वाढून येतं. गणपतीच्या मिरवणुकीत रुंद रस्त्यावर सगळे आरामात नाचत असतात आणि तीच गर्दी आपल्या बडोद्यातल्या मांडवीच्या दरवाजाकडे अरुंद झाली की माणूस माणसावर चढतो, तसं. तोंडाशी रुंद आणि खोल, आत अरुंद आणि उथळ, मग पाणी जाणार कुठे, वर. ओख्याला उधाणात पाणी तीन-चार मीटर वर-खाली होतं तर पार आत नवलखीकडे सात मीटरच्या आसपास. आपल्या खंबातच्या आखातात तर भावनगरकडे दहा मीटरच्या वर जातं, म्हणजे तीन मजली घर.

हे कळलं की नराराला आमचा पचका का झाला ते पण कळतं. अष्टमी होती, ओहोटी बरोबर दुपारी होती, वेळ अगदी सोयीची, पण पाणी पूर्ण उतरलंच नाही आणि प्रवाळांचा पट्टा पाण्याखालीच राहिला. आता यात एक गंमत आहे जी मला खूप उशिरा लक्षात आली. एखाद्या ठिकाणी उधाणाची भरती नेहमी साधारण त्याच घड्याळी वेळेला येते. जामनगरच्या बाजूला अमावस्या-पौर्णिमेला भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास आणि मध्यरात्रीनंतर, म्हणून मोठी ओहोटी सकाळी सात-आठला आणि संध्याकाळी तशीच. अष्टमीला उलटं, भरती सकाळी आणि संध्याकाळी, ओहोटी भर दुपारी, पण ती अशीतशी ओहोटी. म्हणजे जे दिवस आपल्याला आरामाचे वाटतात ते बघण्याच्या कामाचे नाहीत, आणि जे बघण्याचे आहेत त्याला पहाटे उठावं लागतं. द्वितीया-तृतीयेच्या आसपास दोन्ही जमतं, पाणी अजून चांगलं उतरतं आणि ओहोटी नऊ-दहापर्यंत सरकलेली असते. कालनिर्णयमध्ये हे दिवस शोधायला एक मिनिट लागतं.

आता पिरोटनकडे येऊ. जामनगरजवळ समुद्रात आहे, साधारण ३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपली बडोद्याची कमाटी बाग सहा-सात वेळा शेजारी शेजारी ठेवली तर होईल तेवढं. एक दीपगृह, वाळू, तिवरांचं जंगल आणि भोवती प्रवाळ. कच्छच्या आखातात अशी ४२ बेटं मोजतात. १९८० मध्ये इथे सागरी अभयारण्य झालं आणि १९८२ मध्ये त्यातला गाभ्याचा १६२.८९ चौरस किलोमीटर भाग राष्ट्रीय उद्यान झाला, भारतातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. लोकांना वाटतं राष्ट्रीय उद्यान म्हणजे गीरसारखं, गेट असेल, जीप असेल, तिकीट काढलं की आत. इथे गेट म्हणजे पाणी.

बोट बेडी-रोझीकडून निघते आणि तिथल्या खाडीत बोट तरंगण्याइतकं पाणी भरतीलाच असतं. बेटाजवळ पण तेच, ओहोटीला भोवती चिखल आणि खडक उघडे पडतात. म्हणजे एका भरतीला निघायचं आणि परत यायचं तर पुढच्या भरतीला, मध्ये बारा-साडेबारा तास तुम्ही बेटावर अडकलेले. समजा पौर्णिमेला गेलात, दुपारच्या भरतीला निघालात, पुढची भरती मध्यरात्रीनंतर, आता अंधारात खडकांमधून बोट काढायची हौस कोणाला असते, म्हणजे दुसऱ्या दिवशीची दुपार. झाला ना मुक्काम? बेटावर रात्र काढणं ही टेंटवाल्या लोकांची फॅशन नंतरची, आधी ती पाण्याने घातलेली अट आहे. आणि अष्टमीला जाल तर सकाळच्या भरतीला जाऊन संध्याकाळच्या भरतीला परत येता येईल, रात्रीचा प्रश्नच नाही, पण मग मधली ओहोटी कमी आणि दिसणार काय, तर आमच्या भाऊजींची चप्पल. हा जो पेच आहे ना, की दिवसात परत यायचं तर नीट दिसत नाही आणि नीट बघायचं तर रात्र काढावी लागते, याच्यावरच इथली परवानगीची सगळी खटपट उभी आहे.

परवानगी ही गोष्ट लोक फार मनाला लावून घेतात. आपलाच समुद्र, आपल्यालाच बंदी, वगैरे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्यात कलम २७ सांगतं की कोणाला असंच आत शिरता येत नाही आणि कलम २८ सांगतं की परवाना कशासाठी देता येतो, अभ्यास, फोटोग्राफी, संशोधन, पर्यटन अशी कारणं आहेत. म्हणजे पर्यटनाला दार बंद नाही, पण ते उघडायचं की नाही हे वन खात्याच्या हातात, आणि रात्रीचा मुक्काम तर अजूनच त्यांच्या मर्जीवर. शिवाय हा सीमेचा किनारा, त्यामुळे बोटीत कोण बसलं याची नोंद, ओळखपत्र, हे होतंच. जामनगरला मरीन नॅशनल पार्कचं ऑफिस आहे, तिथे आधी विचारायचं, तिकीट नंतर काढायचं, आम्ही उलटं केलं होतं. आणि एखादा एजंट म्हणाला की परवानगीचं मी बघतो, तुम्ही फक्त पैसे पाठवा, तर त्याला हात जोडायचे. आम्हाला असा एक भेटला होता, पैसे अजून परत आलेले नाहीत, असो.

बंदी कशाला हे समजायचं तर ओहोटीला उघडं पडणारं जे मैदान आहे ते काय आहे ते बघावं लागतं, कारण लांबून ते नुसते काळपट दगड दिसतात. ते दगड जिवंत आहेत. प्रवाळ म्हणजे छोटे छोटे मऊ प्राणी, आपल्या सोसायटीतल्या फ्लॅटसारखे एकमेकांना चिकटून राहणारे, प्रत्येक जण आपल्याखाली चुन्याचं घर बांधतो. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळं राहतं, ते उन्हात अन्न बनवतं आणि भाडं म्हणून मालकाला देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं की हे भाडेकरू निघून जातात किंवा हाकलले जातात, प्रवाळ पांढरा पडतो आणि बराच काळ तसाच राहिला तर उपाशी मरतो. मोठे गोल दगडासारखे प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरच्या आसपास वाढतात. फुटबॉलएवढा गोळा म्हणजे वीसेक वर्षांचं वय तरी धरा, आणि त्यावर उभं राहून सेल्फी काढायला आपल्याला वीस सेकंद.

कच्छच्या आखातातले प्रवाळ तर त्यातल्या त्यात हाल काढणारे. पाणी गढूळ, मीठ जास्त, उन्हाळा-हिवाळ्यात तापमानाचा केवढा फरक, आणि वर दिवसातून दोनदा उघड्यावर पडायचं. तरी दगडी प्रवाळांचे चाळीस-पन्नास प्रकार इथे टिकून आहेत. ते अंगावर चिकट पातळ थर सोडतात, त्यावर बसलेली माती त्या थराबरोबर निघून जाते, म्हणजे दिवसभर झाडूपोछा चालू. आपण हात लावला की तो थर पुसला जातो, आपण पाय घासत चाललो की माती उडून त्यांच्यावर बसते. एका माणसाने काही होत नाही, हे खरं आहे. पण सुट्टीच्या दिवशी दोनशे माणसं एकाच वाटेने गेली की ती वाट मेलेली वाट होते, म्हणून गाइड म्हणतो माझ्या मागे वाळूवरूनच या, ते ऐकायचं. पूर्वी याच आखातातून सिमेंटसाठी प्रवाळांची चुनेरी वाळू उपसायचे, तेव्हा जे गेलं ते अजून भरून आलेलं नाही. २००१ पासून प्रवाळ आणि समुद्रघोडे कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ज्या यादीत वाघ आहे त्याच. खिशात टाकलेला प्रवाळाचा तुकडा कायद्याच्या नजरेत शोभेची वस्तू नाही.

इथे जरा बडोद्याची बढाई मारू दे. ओखामंडळ हे बडोदा संस्थानचं होतं हे आपल्यातल्याच पुष्कळांना ठाऊक नसतं, बेट द्वारका, ओखा, सगळा तो टोकाचा भाग गायकवाडांचा. सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल नावाच्या सागरी जीवशास्त्रज्ञाला तिथल्या समुद्राचा अभ्यास करायला लावलं, मोत्यांची कालवं, शंख, काय काय मिळतं, काय टिकवायला हवं, आणि त्याचा रिपोर्ट दोन भागांत छापला, १९०९ आणि १९१६ मध्ये. समुद्रापासून इतक्या लांब राजवाडा असलेल्या राजाने समुद्रातल्या किड्यामुंग्यांची मोजदाद करायला पैसे दिले. कमाटी बागेच्या म्युझियममधला निळ्या देवमाशाचा सांगाडा बघितलाय ना, शाळेच्या सहलीत सगळ्यांना दाखवतात तो, तो १९४४ मध्ये महीच्या मुखाशी वाहून आलेला. म्हणजे समुद्र आपल्यापासून फार लांब नाही, आपणच विसरलोय.

बरं, समजा परवानगी मिळाली, तिथी पण जमली, आता राहायचं कसं. सगळ्यात मोठी चूक टेंटच्या जागेची. दुपारी ओहोटीला पाण्याजवळची सपाट ओलसर वाळू फार छान दिसते, टेंट तिथेच टाकावासा वाटतो. किनाऱ्यावर सुकलेलं शेवाळ, शिंपले, काटक्या यांची एक रेघ दिसेल, ती शेवटच्या भरतीची खूण, तिच्या खूप वर जायचं. पण ती रेघ पण खोटं बोलू शकते. तुम्ही षष्ठी-सप्तमीला गेलात तर रोजची भरती कमी कमी होत चाललीये, रेघ भरवशाची. पण एकादशी-द्वादशीला गेलात तर पाणी रोज आधीच्या दिवसापेक्षा वर येतंय, कालची रेघ आज रात्री मोडणार. आणि दिवसातल्या दोन भरत्या पण सारख्या उंचीच्या नसतात, रात्रीची जास्त असू शकते, म्हणून दोन्हींचे आकडे तक्त्यात बघायचे, दुपारी पाणी इथपर्यंतच आलं होतं यावर झोपायचं नाही.

वर जायचं म्हणजे किती वर, तर तिवरांत घुसायचं नाही. तिवरांची मुळं चिखलातून उलटी वर येतात, पेन्सिली रोवल्यासारखी, ती त्यांची नाकं आहेत, चिखलात हवा नसते म्हणून वरून श्वास घेतात, आपण तुडवली की झाड गुदमरतं. गुजरातीत यांना चेर म्हणतात. यांचा पाला खायला कच्छचे खाराई उंट समुद्रातून पोहत बेटांवर जातात, खरंच पोहतात, आपल्या भरूचजवळ आलियाबेटावर पण हे उंट आहेत, ज्यांना पिरोटन लांब वाटतं त्यांनी आधी ही माहिती काढावी. आणि वाळूच्या वरच्या पट्ट्यात कासवं अंडी घालतात, तिथे खणायचं नाही, खुंट्या ठोकायच्या आधी विचारायचं. रात्री मोठे दिवे पण नकोत. अंड्यातून निघालेली पिल्लं ज्या बाजूला उजेड त्या बाजूला पळतात, निसर्गात तो उजेड म्हणजे समुद्रावरचं आकाश, आपण झगझगीत एलईडी लावला तर ती समुद्र सोडून आपल्या टेंटकडे येतील. लाल कागद लावलेली टॉर्च पुरते.

शेकोटीचं आमच्या घरी सगळ्यांना वाईट वाटलं, कारण शेकोटी नाही तर कॅम्पिंग कसलं. पण कायद्यात कलम ३० आग लावण्याबद्दलच आहे, आणि कारण सोपं, बेटावर अग्निशमनची गाडी येत नाही, तीन चौरस किलोमीटरच्या वाळक्या गवताला वाऱ्यावर पळायला किती वेळ लागतो. म्हणून घरून थेपले, भाकरवडी, लिलो चेवडो असलं टिकणारं न्यायचं, म्हणजे बडोदेकरांना काही वेगळं करायचंच नाही. खरकटं पण टाकायचं नाही हं, सडून जाईल म्हणून. बेटावर खरकट्याने उंदीर वाढतात आणि उंदीर जमिनीवरच्या पक्ष्यांची अंडी खातात. जे नेलं ते सालासकट परत.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो, म्हणजे आमच्या ताईचा बाथरूमचा प्रश्न पण त्यातच सुटेल. लहान बेटावर विहीर खणली तर गोडं पाणी का मिळत नाही? पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत बसतं, गोडं पाणी हलकं म्हणून. बेट मोठं असेल, पाऊस भरपूर असेल तर हा थर जाड होतो, पण जामनगरसारख्या कमी पावसाच्या प्रदेशात एवढ्याशा बेटावर तो पातळ, साईसारखा, थोडा उपसा केला की खालचं खारं वर. म्हणून पिण्याचं पाणी सगळं बरोबर, माणशी दिवसाला चार लिटर तरी, आणि परतीची भरती चुकली तर म्हणून एका दिवसाचं जास्त. आणि वाळूतून खाली जे मुरतं ते फार लांब जात नाही हे पण लक्षात ठेवायचं, साबण-शाम्पू बेटावर नकोच, आणि बाकीचं वनखात्याची माणसं सांगतील तिथेच. ताईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, मग मी नराराच बघीन. तेही बरोबर आहे, नरारा जामनगरपासून साठेक किलोमीटर, सकाळी जाऊन दुपारी परत, गाइड तिथे मिळतो, आणि चांगल्या ओहोटीला दिसणारे जीव पुष्कळ सारखेच.

चालतानाची एक गोष्ट मात्र जिवावरची आहे, दोन्हीकडे लागू. ओहोटी संपून पाणी परतायला लागलं की पहिल्या तासात काहीच होत नाही असं वाटतं. खलाशी लोकांचा बाराव्या हिश्श्याचा हिशोब असतो, भरतीच्या सहा तासांत पाणी बारा भागांपैकी एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असं चढतं. समजा एकूण ५ मीटर चढायचंय, तर पहिल्या तासात जेमतेम ४० सेंटिमीटर, आणि तिसऱ्या तासात सव्वा मीटर, चौथ्यात परत सव्वा. जमीन इतकी सपाट असते की सव्वा मीटर चढलं म्हणजे पाणी काही शे मीटर आत येतं. आणि ते समोरून लाटांसारखं येत नाही, आधी तुमच्या मागच्या खोलगट चरांमध्ये भरतं, तुम्ही समोर ऑक्टोपस बघत असता आणि परतीची वाट मागून बुडत असते. म्हणून ओहोटीच्या वेळेच्या दीड-दोन तास आधी चालायला सुरुवात करायची, उतरणाऱ्या पाण्याच्या मागे मागे जायचं, आणि पाणी सगळ्यात खाली गेलं की तिथून वळायचं. पाणी वळल्यावर अजून पाच मिनिटं नाही.

आणि उतरत्या पाण्यामागे गेलं तर दिसतं काय ते पण ऐका, कारण नुसते नियम वाचून कोण चारशे किलोमीटर जाईल. डबक्यात फुगू मासा अडकलेला असतो, घाबरला की लिंबासारखा गोल होतो, गाइडने हातात देऊ केला तरी घेऊ नका, त्याला ते फुगणं म्हणजे जिवावरचा प्रसंग आहे, आपल्यासाठी करमणूक. समुद्रफूल, काकडीसारखा लोळणारा प्राणी, बारीक सापासारखे हात असलेले तारामासे, आणि दगड हळूच उचलला तर खाली अजून एक सोसायटी, पण उचललेला दगड तसाच परत ठेवायचा, उलटा टाकला तर खालची सावलीतली माणसं, म्हणजे प्राणी, उन्हाने मरतात. हिवाळ्यात खेकडे खाणारे काळे-पांढरे क्रॅब प्लोव्हर येतात, ते बघायला पक्षीवाले लोक लांबून येतात. जुने बूट घाला, चप्पल नाही, कारण तुम्हाला आता माहितीये.

या वर्षी आत्याने स्वतः कालनिर्णय काढून माघातल्या द्वितीयेवर पेनने गोल केलाय. तो मंगळवार आहे. भाऊजी म्हणतात मंगळवारी सुट्टी कोण देणार, आत्या म्हणते चंद्राला अर्ज करा. परवानगीचं पत्र आम्ही या वेळी आधी टाकलंय, आलं तर पिरोटन, नाही आलं तर परत नरारा, पण सकाळी नऊची ओहोटी धरून. पोरांना आत्तापासून सांगतोय की शिंपले आणायचे नाहीत, तर धाकटीने विचारलं, मेलेले पण नाही? मी म्हटलं मेलेले पण नाही, शंखातला जीव मरून गेला की त्यात एक मऊ पाठीचा खेकडा राहायला येतो, वाढला की मोठा शंख शोधतो, आणि शंखांची टंचाई झाली की एका शंखासाठी त्यांची मारामारी होते. तिने शोकेसमधला आजीचा शंख काढून आत डोकावून बघितलं, आणि मग विचारलं की आपण हा परत नेऊन ठेवू या का तिथे.